मासा घास ओढतो पाठीच्या बळावर. पहाटे तोंड वर काढतो ते मात्र भुकेनं नाही

चऱ्होली : इंद्रायणीच्या एका काठाला चऱ्होली बुद्रुक, दुसऱ्या काठाला चऱ्होली खुर्द. मासा नदीतला असो की शेततळ्यातला, त्याला हात नाहीत. कटला, रोहू, सायप्रिनस यांच्या तर जबड्यातही दात नसतात, असतात ते घशात. मग घास आत जातो कसा?

मासा झटक्यात तोंड उघडतो. तोंडाची पोकळी फुगते, आतला दाब उतरतो आणि पाण्यासकट खाद्य आत ओढलं जातं. पाणी कल्ल्यांतून बाहेर, घास पोटात. पापणी लवायच्या आत काम फत्ते.

हे बळ गालात नसतं, पाठीत असतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी लार्जमाउथ बास या माशावर मोजमाप केलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ओढण्याच्या ताकदीतला 95 टक्क्यांपर्यंत वाटा पोहण्याच्या स्नायूंचा निघाला. डोक्यामागची पाठ उंच असेल तर स्नायू जाड असतो. शिवाय लांब पहारीनं धोंडा सोपा हलतो, तसं डोकं वर उचलायला जोर मिळतो. तोंड लहान असेल तर तोच जोर थोड्या जागेत एकवटतो आणि पाणी वेगानं आत येतं.

आपल्याकडची चिलापी अशीच, उंच अंगाची आणि लहान तोंडाची. मरळ उलट, लांबट आणि मोठ्या तोंडाची. ती दबा धरून अंगावर झेप घेते, वर दातही आहेत. पण उंच पाठ म्हणजेच वेग, असं नाही. सडपातळ समुद्रघोडा गलोलीसारखा ताण साठवून सेकंदाच्या काही हजाराव्या भागात डोकं झटकतो.

ही ओढ लांब पोचत नाही, साधारण तोंडाच्या रुंदीएवढ्याच अंतरापर्यंत. म्हणून खाद्याचा दाणा माशाच्या तोंडात मावेल असाच हवा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. मृगळ तळाशी चरतो.

आता खरी गफलत होते ती इथं. याच तोंडानं मासा कल्ल्यांवर पाणी खेळवून श्वासही घेतो. पहाटे तळ्यातले मासे तोंड वर काढून आ वासताना दिसले की ‘भुकेले’ समजून खाद्य टाकलं जातं. बहुतेक वेळा ती पाण्यातला ऑक्सिजन घटल्याची खूण असते. रात्री उजेड नसल्यानं शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट वापरतं. न खाल्लेलं खाद्य कुजून उरलासुरलाही संपवतं. सांडपाणी मिसळलेल्या नदीतही घाण कुजताना हेच होतं.

अशा वेळी खाद्य बंद ठेवावं. एअरेटर असेल तर लगेच चालू करावा, नसेल तर पंपानं तळ्याचंच पाणी उंचावरून फवारा करून पाडावं. ऊन वर आल्यावर मासे खाली जाऊन नेहमीसारखे फिरू लागले, की मगच खाद्य द्यावं, तेही आधी थोडंच.