सांभाळणाऱ्यांचे शिक्षण

ज्या मुलाची बुद्धी इतरांच्या वेगाने वाढत नाही, त्याला कसे शिकवावे, ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार सुरू होऊन सव्वादोनशे वर्षे झाली. त्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न उभा राहिला, आणि तो पहिल्याहून अधिक बिकट ठरला. अशा मुलांना शिकवणाऱ्या, सांभाळणाऱ्या आणि त्यांच्यासाठी संस्था चालवणाऱ्या माणसांना कोणी शिकवावे, व काय शिकवावे? एखादा साधा शिक्षक चुकला तर वर्गाचे नुकसान होते. परंतु संस्थेचा प्रमुख चुकला तर त्याची समजूतच शेकडो जीवांचे भवितव्य होऊन बसते. त्यातही हे जीव असे, की त्यांना तक्रार करण्याची वाचा बहुधा नसते. ह्या कारणासाठी ह्या क्षेत्रातील पुढाऱ्यांच्या शिक्षणाचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

इतिहासाचा आरंभ १८०० सालच्या जानेवारीत, दक्षिण फ्रान्समधील सेंट सेर्नॅं ह्या खेड्यात होतो. तेथे रानात एकटाच वाढलेला, सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. त्याला पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणण्यात आले. मनोविकारांचे त्या काळचे श्रेष्ठ वैद्य पिनेल ह्यांनी त्याला तपासून तो असाध्य जडबुद्धी असल्याचा निर्वाळा दिला. संस्थेतील इटार्ड ह्या सव्वीस वर्षांच्या वैद्याला तो निर्णय पटला नाही. मुलाचे नाव व्हिक्टर ठेवून त्याने त्याच्यावर पाच वर्षे परिश्रम घेतले. व्हिक्टर अक्षरे ओळखू लागला, काही लिखित शब्दांचे अर्थ जाणू लागला. परंतु वाचा त्याला फुटली नाही. इटार्डने आपला प्रयोग बव्हंशी निष्फळ मानला.

ह्या प्रयोगात दुसरेही एक माणूस होते, आणि त्याच्याकडे इतिहासाचे लक्ष उशिरा गेले. मुलाचे खाणेपिणे, कपडालत्ता, रुसवेफुगवे हे सारे गेरॅं नावाची एक बाई पाहत असे. तिला ना पदवी, ना शास्त्राचा गंध. इटार्डच्या अहवालात तिच्या घरातील एक प्रसंग नोंदलेला आहे. जेवणाचे टेबल मांडण्याचे काम व्हिक्टरकडे असे. बाईचा नवरा आजारी पडून दुसरीकडे असतानाही तो त्याच्या जागी ताट मांडीतच राही. नवरा वारला त्या दिवशीही त्याने ते मांडले. ते पाहून बाईला रडू कोसळले. व्हिक्टरने ते ताट निमूटपणे उचलून परत कपाटात ठेवले, आणि पुन्हा कधी मांडले नाही. ज्याला असाध्य म्हटले गेले होते त्याने दुसऱ्याचे दुःख न शिकवता ओळखले. पुढे शास्त्रज्ञाचा अभ्यास संपला. बाईचा संपला नाही. १८२८ साली मृत्यू येईपर्यंत व्हिक्टर तिच्याच आसऱ्याला राहिला.

इटार्डचा वारसा एदुआर सेगॅं ह्याने चालवला. १८४२ साली त्याला पॅरिसजवळील बिसेत्रच्या रुग्णालयात मुलांचा वर्ग मिळाला. पण तेथील वरिष्ठांशी त्याचे पटले नाही व वर्षभरातच त्याला ती जागा सोडावी लागली. १८४६ साली त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर तो अमेरिकेस निघून गेला. त्याची पद्धत अशी: आधी स्नायू, मग इंद्रिये, मग बुद्धी. शिडी, झोका, निरनिराळ्या आकारांचे ठोकळे, खडबडीत व गुळगुळीत पृष्ठभाग ही त्याची पाठ्यपुस्तके होती. १८६६ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात त्याने मुलांच्या शिक्षणाबरोबर संस्थेच्या रचनेचाही विचार केला, आणि प्रमुखापासून मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या सेवकापर्यंत कोणाचे काय कर्तव्य, ह्याची चर्चा केली. सांभाळणाऱ्यांच्या शिक्षणाची ही पहिली मोठी पायरी म्हणावी लागेल.

अमेरिकेत ह्या कामाची सुरुवात अंधांच्या शिक्षणाने कीर्ती पावलेल्या डॉ. सॅम्युएल हाउ ह्यांनी केली. १८४८ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तीन वर्षांसाठी दरसाल अडीच हजार डॉलर मंजूर केले आणि प्रायोगिक शाळा निघाली. तिचा हेतू स्पष्ट होता: मुलांनी यावे, शिकावे आणि घरी परत जावे. परंतु हेतू एकीकडे राहिला आणि इमारती दुसरीकडे वाढल्या. मुले येत, पण परत जात ना. हाउ ह्यांना हा धोका लवकर दिसला. १८६६ साली बटेव्हिया येथे अंधांच्या एका संस्थेच्या पायाभरणीस वक्ते म्हणून गेले असता, समदुःखी लोकांना एका छपराखाली गोळा करू नका, त्यांना समाजात विखरून राहू द्या, असे त्यांनी यजमानांनाच बजावले. पायाभरणीच्या समारंभात असा उपदेश रुचणे कठीणच होते.

१८७६ साली पेनसिल्व्हेनियातील एल्विन येथे अशा संस्थांच्या वैद्यकीय प्रमुखांनी एक मंडळ स्थापले. सेगॅं त्याचा पहिला अध्यक्ष झाला. अनुभवांची देवाणघेवाण सुरू झाली, निबंध वाचले जाऊ लागले. परंतु मंडळ होते प्रमुखांचे. त्यात आया नव्हत्या, शिक्षक नव्हते, आईबाप नव्हते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते तर नव्हतेच. पुढारी पुढाऱ्यांपासून शिकू लागले, आणि येथेच घात झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू जर्सीमधील व्हाइनलँड येथील शाळा ह्या विद्येचे केंद्र बनली. उन्हाळ्यात तेथे शिक्षकांचे वर्ग भरत. तेथील संशोधनप्रमुख हेन्री गॉडर्ड ह्यांनी १९०८ साली बिनेची बुद्धिमापनपद्धती फ्रान्समधून अमेरिकेत आणली. १९१२ साली त्यांनी एका कुटुंबाचा वृत्तांत लिहून, बुद्धिमांद्य हे रक्तातून उतरते व त्याबरोबर गुन्हेगारीही उतरते, असे ठासून प्रतिपादन केले. त्या वृत्तांतातील पुरावा कच्चा होता, हे पुढे सिद्ध झाले. परंतु तोपर्यंत हे मत वर्गावर्गांतून शिकवले गेले होते. १९१२ सालीच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेचे प्रमुख वॉल्टर फर्नाल्ड ह्यांनीही अशा माणसांना समाजावरील भार म्हटले. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल ह्या खटल्यात सक्तीच्या निर्बीजीकरणास संमती दिली. जर्मनीत तर ह्या विचारसरणीने कळस गाठला. १९४० व १९४१ ह्या दोन वर्षांत तेथील सहा केंद्रांत सुमारे सत्तर हजार मनोरुग्णांचा व अपंगांचा वध झाला, आणि अधिकृतपणे थांबवल्यानंतरही हे हत्याकांड गुप्तपणे चालूच राहिले. ते करणारे अडाणी नव्हते. त्यांत नामांकित विद्यापीठांचे पदवीधर वैद्य होते, प्रशिक्षित परिचारिका होत्या. प्रशिक्षण होते, ज्यांच्यावर विद्या चालवायची त्यांना माणूस मानण्याचा धडा तेवढा त्यातून गळला होता.

फर्नाल्ड ह्यांच्याविषयी मात्र आणखी एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. आपल्या संस्थेतून गेल्या पंचवीस वर्षांत बाहेर पडलेल्या माणसांचे पुढे काय झाले, ह्याचा शोध त्यांनी घेतला. ह्यांपैकी पुष्कळांना घरच्यांनी संस्थेच्या सल्ल्याविरुद्ध नेले होते. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत असे दिसले की, त्यांतील अनेकजण नीट संसार करीत आहेत, कष्ट करून पोट भरीत आहेत. फर्नाल्ड ह्यांचे मत पालटले. गॉडर्डही १९२८ साली आपल्या जुन्या सिद्धांतापासून बरेच मागे हटले. पुढाऱ्याने आपल्याच कार्याचा हिशेब तपासून पाहणे, हाही शिक्षणाचाच भाग होय.

ह्याच परंपरेची एक निराळी शाखा महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. १९०० साली रोममध्ये मंदबुद्धी मुलांच्या शिक्षकांना तयार करणारी एक शाळा निघाली. तिच्या चालकांपैकी एक होत्या डॉ. मारिया मॉन्टेसरी. त्यांनी इटार्ड व सेगॅं ह्यांचे ग्रंथ स्वहस्ते उतरवून काढले होते. ज्या साधनांनी ही मुले शिकली, ती सर्वच मुलांना का देऊ नयेत, असा विचार करून त्यांनी १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले. १९३९ साली त्या मद्रासला आल्या व भारतात त्यांनी शिक्षकांचे वर्ग चालवले. मॉन्टेसरीचे तत्त्व ताराबाई मोडक ह्यांनी बालशिक्षणात आणले आणि १९४५ साली बोर्डी येथे ते खेड्यातील मुलांपर्यंत नेले. शहरातील सुखवस्तू मुले ज्या लाकडी ठोकळ्यांशी खेळतात, त्यांचे मूळ बिसेत्रच्या रुग्णालयातील उपेक्षित मुलांच्या वर्गात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या इतिहासाला वळण लागले ते आईबापांमुळे. १९५० साली अमेरिकेतील पालकांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली. अध्यक्ष केनेडी ह्यांची बहीण रोझमेरी हिची बुद्धी जन्मतः मंद होती. १९४१ साली मेंदूवर केलेल्या शस्त्रक्रियेने तिची दशा अधिकच शोचनीय झाली. कुटुंबाने झाकून ठेवलेली ही गोष्ट दुसरी बहीण युनिस हिने १९६२ साली लेख लिहून उघड केली. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडींनी ह्या विषयाच्या कायद्यावर सही केली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी त्यांची हत्या झाली. त्या कायद्याने विद्यापीठांशी संलग्न अशी केंद्रे निघाली. त्यांची योजना नवी होती. वैद्य, मानसशास्त्रज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ, परिचारिका, समाजसेवक, शिक्षक ह्या सर्वांनी एकत्र बसून एकाच मुलाचा विचार करावयाचा. ‘विकासात्मक अपंगत्व’ हा व्यापक शब्द १९७० सालच्या कायद्याने रूढ केला.

कायदे झाले तरी जुन्या भिंती एका दिवसात कोसळल्या नाहीत. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक ही संस्था चार हजारांसाठी बांधलेली. १९६५ साली तीत सहा हजारांहून अधिक माणसे कोंबली होती. मायकेल विल्किन्स ह्या तरुण डॉक्टराने पालकांना एकत्र येण्यास सांगितले, म्हणून त्याला नोकरीवरून काढण्यात आले. त्याने १९७२ सालच्या जानेवारीत दूरचित्रवाणीच्या एका वार्ताहराला आत नेऊन, अंगावर वस्त्र नाही, जवळ कोणी नाही अशा स्थितीतील मुले साऱ्या देशाला दाखवली. खटला झाला, १९७५ साली तडजोडीचा हुकूमनामा झाला, आणि १९८७ साली संस्था बंद पडली. त्या संस्थेत अधिकाराच्या पायऱ्या अनेक होत्या. नेतृत्व केले ते खालच्या पायरीवरच्या माणसाने.

स्वीडनच्या बेंट निर्ये ह्यांनी १९६९ साली एक साधे तत्त्व मांडले: ह्या माणसांचा दिवस, आठवडा आणि वर्ष इतरांसारखेच असावे; कामाची वेळ निराळी, विश्रांतीची निराळी, सणवार निराळे. १९७० साली माल्मो येथे अशा तरुणांनी स्वतःची राष्ट्रीय परिषद भरवून आपल्या मागण्या आपल्याच तोंडाने मांडल्या. पुढे अमेरिकेतही त्यांच्या संघटना झाल्या. आज तेथील विद्यापीठांत नेतृत्वाचे जे अभ्यासक्रम चालतात, त्यांत दीर्घ मुदतीच्या विद्यार्थ्याला तीनशे तासांहून अधिक शिक्षण घ्यावे लागते. आणि त्या वर्गात भावी वैद्यांच्या शेजारी पालक व स्वतः अपंगत्व असलेल्या व्यक्तीही विद्यार्थी म्हणून बसतात. १८७६ साली जे बाहेर राहिले होते, त्यांना आत यावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

भारतात ह्या कार्याचा पाया बहुतांशी आईबापांनीच घातला. १९४४ साली श्रीमती जय वकील ह्यांनी आपल्या कन्येच्या निमित्ताने मुंबईत शाळा काढली. १९८४ साली सिकंदराबाद येथे राष्ट्रीय संस्था झाली. १९९२ च्या पुनर्वसन परिषद अधिनियमाने ह्या क्षेत्रातील शिक्षणाला मान्यता व व्यावसायिकांची नोंदणी ह्यांची व्यवस्था केली, आणि १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. नोंदणीने पात्रता सिद्ध होते, आणि ती हवीच. परंतु जर्मनीतल्या वैद्यांचीही नोंदणी झालेली होती.

तेव्हा ह्या पुढाऱ्यांना शिकवावे काय? शरीरशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, हिशेब हे सर्व शिकवावेच. त्याबरोबर संस्थेच्या दारातून बाहेर गेलेल्यांची फर्नाल्डप्रमाणे चौकशी करावयास शिकवावे, आणि अन्याय दिसता विल्किन्सप्रमाणे नोकरीची पर्वा न करण्याचे धैर्य अंगी बाणवावे. तथापि ज्या आईने रात्री जागून काढल्या, ज्या आयेने वर्षानुवर्षे घास भरवला, तिच्यापाशी विद्यार्थी होऊन बसल्यावाचून हे शिक्षण पुरे होत नाही. पाच वर्षांच्या प्रयोगानंतर इटार्डने वही मिटली. गेरॅंबाईने दार मिटले नाही.