तळटीप १४ : मिकान

१४. मिकान : जपानी संत्रे. आपल्या नागपुरी संत्र्याच्याच कुळातले, तसेच सैल सालीचे. पण आकाराने लहान आणि बहुधा बिनबियांचे. वाकायामा, एहिमे, शिझुओका हे त्याचे मुख्य प्रांत. जपानी घरात हिवाळा म्हणजे कोतात्सु : बुटके मेज, त्यावर रजई, खाली शेगडी. त्यात पाय खुपसून सगळे बसतात आणि मेजावर मिकानची टोपली असते. साल चाकूशिवाय, बुडाकडून फुलासारखी उलगडते. वाळवलेली साल सात जिनसांच्या 'शिचिमी' मसाल्यात पडते.

नववर्षाला तांदळाच्या दोन गोल 'मोची' वड्यांच्या उतरंडीवर परंपरेने 'दाइदाइ' हे कडू संत्रे ठेवतात. ते तोडले नाही तर पुढच्या सालच्या फळांबरोबरही झाडावर टिकते, म्हणून ते वंशसातत्याचे चिन्ह. आता त्या जागी बरेचदा मिकानच दिसते.

हे सारे ठाऊक असेल तरच १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या आकुतागावांच्या या कथेतली मुलीची कृती नीट उमगते. धुराने भरलेल्या बोगद्यातून गाडी बाहेर येते आणि निरोपाला फाटकाशी उभ्या असलेल्या भावांकडे ती पाच-सहा मिकान भिरकावते. ही फळे म्हणजे भावांना देता येण्याजोगी घरातली ऊब आहे. करड्या संध्याकाळीतला तो केशरी रंग आकुतागावांनी फार नेमका पेरला आहे. वाचकाने तिथे जरूर थांबावे.