राउशेनबुश, वॉल्टर
(४ ऑक्टोबर १८६१ – २५ जुलै १९१८). अमेरिकन बॅप्टिस्ट धर्मोपदेशक, चर्चच्या इतिहासाचा प्राध्यापक व ‘सामाजिक शुभवर्तमान’ या प्रॉटेस्टंट विचारप्रवाहाचा प्रमुख भाष्यकार. न्यूयॉर्क शहरातील एका गरीब वस्तीत त्याने १८८६ ते १८९७ अशी अकरा वर्षे पाळक म्हणून काम केले. व्यक्तीच्या तारणाचा त्याचा मूळचा ध्यास या काळात समाजरचनेच्या प्रश्नापर्यंत विस्तारला. औद्योगिक महानगराने ख्रिस्ती धर्मोपदेशकापुढे कोणते आव्हान उभे केले, हे त्याच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

त्याचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला. राउशेनबुश घराण्यात अनेक पिढ्या ल्यूथरपंथीय पाळकांची परंपरा होती. वडील ऑगस्ट राउशेनबुश हे १८४६ मध्ये जर्मनीहून अमेरिकेस आले, तेथे बॅप्टिस्ट पंथात गेले आणि पुढे रॉचेस्टर येथील धर्मशिक्षण महाविद्यालयाच्या जर्मन विभागात अध्यापन करू लागले. वॉल्टरचे शिक्षण जर्मनीतील ग्यूटर्सलो येथील विद्यालयात (१८७९–८३) आणि त्यानंतर रॉचेस्टर येथे झाले. किशोरवयात आलेल्या उत्कट धर्मानुभवामुळे त्याने पाळक होण्याचे ठरविले. १८८४ च्या उन्हाळी सुटीत केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील एका लहान जर्मन मंडळीत काम करताना त्याचा हा निश्चय पक्का झाला. आपापसांतील कलहाने विस्कटलेल्या त्या मंडळीत घरोघरी जाऊन लोकांशी बोलणे, हेच त्याचे मुख्य कार्य होते.

वॉल्टरची मूळ इच्छा मात्र परदेशी मिशनकार्याची होती. त्याची थोरली बहीण एमा ही १८८२ पासून दक्षिण भारतातील अमेरिकन बॅप्टिस्टांच्या तेलुगू मिशनमध्ये काम करीत होती. तेलुगू प्रदेशातील मादिगा या चर्मकार जातीविषयी तिने लिहिलेले पुस्तक १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच मिशनमध्ये जाण्याचा वॉल्टरचा मनोदय होता. परंतु जुन्या कराराविषयी त्याची मते उदार असल्याच्या आक्षेपावरून त्याची निवड झाली नाही. जर्मनीत विकसित झालेल्या बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेचा त्याच्यावर प्रभाव पडला होता. त्यामुळे भारताऐवजी तो न्यूयॉर्कला गेला आणि १ जून १८८६ रोजी त्याने तेथील सेकंड जर्मन बॅप्टिस्ट चर्चच्या पाळकपदाची सूत्रे हाती घेतली.

हे चर्च मॅनहॅटनच्या पश्चिम भागात, ‘हेल्स किचन’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या वस्तीलगत होते. मंडळीतील बहुतेक जर्मन स्थलांतरित कामगार होते. या भागातील भाड्याच्या इमारती अरुंद भूखंडांवर दाटीने उभारलेल्या होत्या. १८७९ च्या कायद्याने खोल्यांना खिडकी ठेवण्याचे बंधन घातले होते. पण घरमालकांनी दोन इमारतींमध्ये चिंचोळी पोकळी सोडून त्याची पूर्तता केली. तीतून उजेड व हवा फारशी येत नसे. उलट केरकचरा साठे आणि आग लागल्यास ती वरच्या मजल्यांवर झपाट्याने पसरे. क्षय, घटसर्प आणि उन्हाळ्यातील अतिसार यांनी मुले दगावत. मुलांच्या अंत्यविधींनी आपले अंतःकरण सर्वांत अधिक विदीर्ण केले, असे त्याने पुढे नमूद केले आहे. मृत मुलाच्या आईबापांचे सांत्वन करणे हे पाळकाचे परंपरागत कर्तव्य होय. परंतु मृत्यूचे कारण घरभाडे, मजुरी व सांडपाणी यांत दडलेले असेल, तर केवळ सांत्वनाने ते कर्तव्य पुरे होते काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. धर्मशिक्षणात त्याला याचे उत्तर मिळालेले नव्हते.

त्याच वर्षी झालेल्या महापौरपदाच्या निवडणुकीने त्याच्या विचारांना दिशा दिली. प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी (१८७९) या ग्रंथाचा कर्ता हेन्री जॉर्ज हा कामगार संघटनांच्या पाठिंब्याने उभा होता. शहराच्या वाढीमुळे वाढणारे जमिनीचे मूल्य कररूपाने समाजाकडे यावे, असे त्याचे प्रतिपादन होते. जॉर्जचा पराभव झाला; तथापि त्याला सु. ६८,००० मते मिळाली आणि रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार थीओडोर रूझवेल्ट तिसऱ्या क्रमांकावर राहिला. सामाजिक प्रश्नांविषयीच्या आपल्या जागृतीचे श्रेय राउशेनबुशने जॉर्जला दिले आहे. कामगारांसाठी फॉर द राइट हे मासिक त्याने काही सहकाऱ्यांसमवेत चालविले (१८८९–९१). त्याच सुमारास सुवार्तिक गीतकार आयरा सँकी याच्याबरोबर तो जर्मन भक्तिगीतांचा संग्रहही सिद्ध करीत होता. वैयक्तिक भक्ती व सामाजिक न्याय यांपैकी एकाची निवड करणे त्याला मान्य नव्हते.

१८८८ मधील आजारानंतर त्याची श्रवणशक्ती क्षीण होत गेली. लोकांचे दुःख ऐकून घेणे हेच ज्याचे काम, त्याच्या दृष्टीने हा मोठाच आघात होता. १८९१ मध्ये त्याने पाळकपदाचा राजीनामा देऊ केला. परंतु मंडळीने तो न स्वीकारता त्याला पगारी रजा दिली. कष्टकरी सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या चर्चच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नव्हता. या रजेत त्याने इंग्लंडमधील सामाजिक चळवळींची पाहणी केली आणि जर्मनीत येशूच्या शिकवणुकीचा अभ्यास केला. ‘देवाचे राज्य’ ही येशूच्या उपदेशाची मध्यवर्ती कल्पना असून तीत व्यक्तीचे तारण व समाजाचे परिवर्तन या दोहोंचा समावेश होतो, या निष्कर्षाप्रत तो आला. परतल्यावर समविचारी धर्मोपदेशकांसह त्याने ‘ब्रदरहुड ऑफ द किंग्डम’ हे मंडळ स्थापन केले (१८९२). १८९३ च्या आर्थिक मंदीत बेकारांचे तांडे पाहून त्याची मते अधिकच दृढ झाली. त्याच वर्षी त्याचा विवाह पॉलीन रोदर या शिक्षिकेशी झाला; बहिरेपणात तिचे साहाय्य त्याला मोलाचे ठरले.

१८९७ मध्ये तो रॉचेस्टर येथे अध्यापनासाठी परतला व १९०२ मध्ये चर्चच्या इतिहासाचा प्राध्यापक झाला. ख्रिश्चॅनिटी अँड द सोशल क्रायसिस (१९०७) या ग्रंथाने त्याला देशव्यापी कीर्ती लाभली. न्यूयॉर्कमधील श्रमिकांचे आपल्यावर ऋण आहे आणि ते फेडण्यासाठी हा ग्रंथ लिहिला, अशी त्याची भूमिका होती. ख्रिश्चनायझिंग द सोशल ऑर्डर (१९१२) व अ थिऑलॉजी फॉर द सोशल गॉस्पेल (१९१७) हे त्याचे अन्य महत्त्वाचे ग्रंथ. पाप हे केवळ व्यक्तीच्या ठायी नसते, ते संस्था व व्यवस्था यांतही वास करते आणि एका पिढीकडून दुसरीकडे संक्रांत होते, हा त्याचा मुख्य सिद्धांत होय.

त्याच्या विचारांना मर्यादाही होत्या. वर्णभेदाच्या प्रश्नावर त्याने फारच थोडे लिहिले. स्त्रियांच्या कौटुंबिक भूमिकेविषयी त्याची दृष्टी परंपरागत राहिली. सामाजिक प्रगतीवरील त्याच्या विश्वासाला पहिल्या महायुद्धाने तडा दिला. डिट्रॉइट या मोटारींच्या शहरात तेरा वर्षे पाळक असलेल्या राइनहोल्ड नीबर याने पुढे सामाजिक शुभवर्तमानाच्या आशावादावर कठोर टीका केली. उलट मार्टिन ल्यूथर किंग याने स्ट्राइड टोअर्ड फ्रीडम (१९५८) या ग्रंथात त्या आशावादातील उणिवा दाखवूनही राउशेनबुशचे ऋण मान्य केले. रॉचेस्टर येथे त्याचे निधन झाले.