दुसऱ्याच्या पडद्यावरचा हात

दूरच्या संगणकावर काम करण्याचा इतिहास इंटरनेटच्या कितीतरी आधी सुरू होतो. ११ सप्टेंबर १९४० रोजी न्यू हॅम्पशरमधील हॅनोव्हर या गावी, डार्टमथ कॉलेजात, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक भरली होती. बेल लॅब्जच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी रिले वापरून बांधलेले गणकयंत्र न्यूयॉर्कमध्ये होते. सभेत होता तो फक्त टेलिप्रिंटर. गणित टंकित करायचे, तारेवरून ते न्यूयॉर्कला जायचे आणि उत्तर कागदावर उमटून यायचे. श्रोत्यांमध्ये नॉर्बर्ट वीनर होते, आणि पुढे एनिॲकच्या उभारणीत अग्रभागी असलेले जॉन मॉकलीही होते.

या प्रसंगातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. न्यूयॉर्कच्या त्या यंत्रासमोर 'हे माझे' म्हणणारे कोणी बसलेले नव्हते. त्यामुळे परवानगीचा प्रश्नच आला नाही. तो आला प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक आल्यावर. माझ्या मते या तंत्राचा पुढचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१९८० च्या दशकात टेबलावरचे संगणक वाढले आणि ते सांभाळणाऱ्यांची पायपीटही वाढली. मी पुढे एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळली, तेव्हाही एखादा प्रोग्राम घालायचा म्हणजे एकेका यंत्रापुढे जाऊन बसावे लागे. यावर निघालेल्या तोडग्यांपैकी एक मला अजून गमतीचा वाटतो. बंद संगणकाला जाळ्यावरून जागे करण्यासाठी जो संदेश पाठवतात त्यात २५५ हा आकडा सहा वेळा येतो आणि मग त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा. झोपलेल्या माणसाला नावाने हाका मारत राहावे, तसेच हे. मात्र त्यासाठी कार्डाला वीज मिळत राहायला हवी. भिंतीवरचे बटण बंद करून जाणाऱ्या शिपायापुढे या हाकांचे काही चालत नाही.

यंत्र जागे झाले तरी त्याचा पडदा इकडे आणायचा कसा? १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत प्रोग्राम एका यंत्रावर चाले आणि त्याची खिडकी दुसऱ्यावर उघडे. पण पाहणाऱ्या यंत्रालाही चित्र काढण्याची बरीच विद्या अवगत असावी लागे. याहून साधी वाट इंग्लंडात, केंब्रिजमध्ये सापडली. तिथल्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत अँडी हॉपर आणि त्यांचे सहकारी 'माणूस फिरेल तिथे त्याचे काम त्याच्या मागे जावे' या कल्पनेच्या मागे लागले होते. त्यांतूनच 'व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग' म्हणजे व्हीएनसी आले. ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर यांचा त्यावरचा लेख १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. (केंब्रिज विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून, कॉफी उरली आहे का हे जागेवरून पाहण्याची सोय करणाऱ्यांपैकी एक हेच स्टॅफर्ड-फ्रेझर.)

व्हीएनसीची युक्ती अगदी थोडक्यात सांगता येते: 'पडद्यावर अमुक जागी या ठिपक्यांचा चौकोन ठेव.' खिडकी काय, अक्षर काय, पाहणाऱ्या यंत्राला काही कळण्याची गरज नाही. पडद्याचा बदललेला भागच पाठवायचा आणि तोही समोरच्याने मागितल्यावर; त्यामुळे मंद तारेवरही गाडी रखडत का होईना, चालते. शब्द अर्धा लिहून उठलात आणि दुसऱ्या खोलीतून जोडणी केलीत, तर कर्सर त्या अर्ध्या शब्दापाशीच सापडतो. प्रयोगशाळेने हा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली दिला, म्हणून तो सर्वदूर पसरला. पुढे ही प्रयोगशाळा एटी अँड टीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. प्रोग्राम मात्र टिकला.

त्यात उणीवही होती. मूळ पद्धतीत पासवर्डाची पहिली आठच अक्षरे धरली जात आणि पासवर्ड पटल्यानंतरची सारी वाहतूक उघडी असे. म्हणून जाणते लोक व्हीएनसीचे ५९०० क्रमांकाचे द्वार इंटरनेटवर कधी उघडत नसत. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू यलोनेन यांनी तयार केलेल्या एसएसएचचा कूटबद्ध बोगदा आधी खणायचा आणि त्यातून व्हीएनसी न्यायचे, हा शिरस्ता. आजही तो मोडू नये.

त्याच १९९८ मध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. तिचीच विद्या २००१ मध्ये विंडोज एक्सपीत 'रिमोट डेस्कटॉप' म्हणून आली. तिथे दूरचा माणूस आत आला की यंत्रासमोरच्याचा पडदा कुलूपबंद होतो. व्हीएनसीत दोघे एकच पडदा पाहतात. कार्यालयातले आपले यंत्र घरून वापरायचे तर पहिली रीत बरी, कोणाला मदत करायची तर दुसरी. हा भेद न कळल्यामुळे कित्येक कार्यालयांत आजही चुकीचे साधन वापरले जाते.

दुसरी गोष्ट ऑगस्टमधली. लास व्हेगासच्या डेफ कॉन मेळाव्यात 'कल्ट ऑफ द डेड काऊ' या गटाने बॅक ऑरिफिस हा प्रोग्राम जाहीर केला. फायली पाहणे, कळफलकावर काय दाबले ते टिपणे, दुरून प्रोग्राम चालवणे, ही त्याची कामे. व्यवस्थापनाच्या साधनांपासून तो फार लांबचा नव्हता. फरक इतकाच, की यंत्राच्या मालकाला तो दिसत नसे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्क या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केले. हे साधन लपून बसत नाही आणि त्याचा धंदाही रीतसर. भामटा फोनवरून गोड बोलून नऊ आकडी क्रमांक विचारतो, मालक तो स्वतःच वाचून दाखवतो आणि परवानगीचे बटणही स्वतःच दाबतो. बॅक ऑरिफिसला जे चोरून करावे लागे, ते इथे विनंतीवर मिळते.

म्हणून नातेवाइकांचे संगणक दुरून दुरुस्त करताना मी काही पथ्ये पाळतो. फोन त्यांनी माझ्या नेहमीच्या क्रमांकावर करायचा. आधी फक्त पाहण्याची परवानगी, माउस नंतर. बँकेचे पान उघडे असेल तर ते मिटेपर्यंत थांबायचे. आणि जोडणी तोडायची ती त्यांनी, त्यांच्या हाताने. ते बटण कुठे आहे, हे सर्वांत आधी दाखवायचे.