नव्याण्णव मॅचेस आणि शून्य विजय

नेट-पेटच्या तयारीत तुम्ही 'गृहीतक', 'सार्थकता', 'नमुना' हे शब्द घोकत असणार. आज हेच शब्द घेऊन जरा नॉर्दम्प्टनला जाऊया. इंग्लंडच्या मधोमध असलेलं, एकेकाळी बूट बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. तिथली काउंटी टीम म्हणजे नॉर्दम्प्टनशर. १९०५ पासून ती काउंटी चॅम्पियनशिप खेळते आहे आणि ती स्पर्धा तिने आजवर एकदाही जिंकलेली नाही. सन २००० मध्ये चॅम्पियनशिपचे दोन विभाग झाले, तेव्हापासून तिचा बराचसा मुक्काम खालच्याच विभागात असतो. २०२३ मध्ये ती परत तिथेच घसरली.

इतक्या लांबून अशी टीम फॉलो करायची म्हणजे काय करायचं? सकाळी अकराला सुरू होणारी मॅच आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होते. मी लॅबमध्ये एखादं रीडिंग चालू ठेवून बाजूच्या टॅबमध्ये स्कोअर उघडतो. हल्ली क्लबच्या यूट्यूब चॅनलवर मॅच फुकट दिसते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विरारच्या पृथ्वी शॉने सॉमरसेटविरुद्ध वनडे कपमध्ये २४४ धावा ठोकल्या, तेव्हा ज्यांनी आयुष्यात काउंटीचं नाव काढलं नव्हतं तेही त्या चॅनलवर जाऊन आले. पुढच्याच आठवड्यात गुडघा दुखावून तो बाहेर पडला आणि बहुतेक पाहुणेही गेले. दूरच्या चाहत्याची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. त्याला मैदान दिसत नाही, वारा कळत नाही, हाती असतं ते फक्त स्कोअरकार्ड. दुसऱ्याने गोळा केलेला डेटा वाचणाऱ्या संशोधकाचीही हीच अवस्था असते.

तर आता डेटा बघा. १४ मे १९३५ ला नॉर्दम्प्टनशरने टॉन्टनला सॉमरसेटला हरवलं. चॅम्पियनशिपमधला पुढचा विजय मिळाला २९ मे १९३९ ला. मधल्या ९९ मॅचेसपैकी ६१ हरल्या आणि ३८ अनिर्णित राहिल्या. विजय शून्य.

'शून्य' दिसलं की नवशिका संशोधक लगेच लिहितो, 'शक्यता नाही'. असं लिहू नका. समजा, एक मॅच जिंकण्याची खरी शक्यता ५ टक्के आहे. मग सलग ९९ वेळा न जिंकण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा ९९ वा घात, साधारण ०.६ टक्के. तीच शक्यता ३ टक्के धरली तर उत्तर ५ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून एक सोपा नियम वापरतात: एखादी गोष्ट 'एन' वेळा करून एकदाही घडली नाही, तर ९५ टक्के विश्वासार्हतेने तिच्या शक्यतेची वरची मर्यादा तीन भागिले एन. नवीन औषधाचा दुष्परिणाम शंभर रुग्णांत एकदाही दिसला नाही, तर तो तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो, हे याच हिशेबाने सांगतात. म्हणजे १९३५-३९ ची नॉर्दम्प्टनशर दर शंभर मॅचमध्ये तीनपर्यंत जिंकू शकणारी टीमही असू शकते. शून्यातून आपल्याला मर्यादा मिळते, नकार मिळत नाही.

पण थांबा, व्हायवामध्ये इथेच पकडतात. या मॅचेस एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का? नाहीत. तीच माणसं, तोच थकवा, तीच रिकामी तिजोरी. दुसरं, ही मालिका आपण निवडली ती ती लांब आहे म्हणूनच. विजयाच्या दुसऱ्या दिवशी मोजायला सुरुवात केली आणि पुढच्या विजयाला थांबलो. तेव्हा १७ काउंट्या खेळत होत्या, वर्षानुवर्षं. त्यातल्या कुणाची तरी मालिका सर्वात लांब असणारच होती. तिसरं म्हणजे 'अनिर्णित' या रकान्यात काय काय कोंबलंय ते बघा. १९०७ मध्ये ग्लॉस्टरशरविरुद्ध ही टीम १२ धावांत गारद झाली. हो, बारा. जॉर्ज डेनेटने ९ धावांत ८ बळी घेतले. चॅम्पियनशिपमधली ती आजही नीचांकी धावसंख्या आहे. आणि ती मॅच अनिर्णित आहे, कारण शेवटच्या दिवशी पाऊस पडला! (आमच्या थीसिसमध्येही असा पाऊस कधीतरी पडावा.) नुसता रकाना बघणाऱ्याला ती मॅच आणि एखादी खरोखर वाचवलेली मॅच सारखीच दिसते.

मग कारणं काय? काउंटी लहान, प्रेक्षक कमी, पैसा त्याहून कमी. मैदानाची एक बाजू फुटबॉल क्लबला दिलेली, ती व्यवस्था तर १९९४ पर्यंत टिकली. दुसऱ्या काउंटीतून खेळाडू आणायचा तर जन्म किंवा रहिवासाची अट आडवी यायची, त्यामुळे श्रीमंत टीमलाही चटकन खरेदी जमत नसे, मग गरिबाची काय कथा. पण मला विचाराल तर या सगळ्या सरासरी कारणांपेक्षा एक ओळ जास्त बोलते.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये, सीझनच्या शेवटी, चेस्टरफील्डला डर्बीशरविरुद्ध फ्रेड बेकवेलने नाबाद २४१ धावा केल्या. डर्बीशर त्या वर्षीचे चॅम्पियन. शेवटच्या नंबरवरच्या टीमचा सलामीवीर पहिल्या नंबरच्या बोलर्सना असा धुतो, हे वाचताना दूरचा चाहता सरसावून बसतो: आता पुढच्या वर्षी बघू! पुढच्या वर्षीची कार्डं उघडली की बेकवेलचं नाव नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. चेस्टरफील्डहून परतताना कारचा अपघात झाला होता. बरोबरचा खेळाडू रेजिनाल्ड नॉर्थवे त्यात गेला. बेकवेलचा हात असा मोडला की इंग्लंडकडून टेस्ट खेळलेला हा माणूस पुन्हा कधी फर्स्ट क्लास खेळला नाही. कार्डावर यातलं काहीही नाही. तिथे २४१ आहे, त्याच्यापुढे नाबादचं चिन्ह आहे, आणि नंतर एक नाव गायब आहे. 'डेटा मिसिंग आहे' असं आपण जिथे लिहून मोकळे होतो, तिथे हे असं काही असू शकतं. म्हणून वर्तमानपत्रं, विस्डेनचे खंड, मृत्युलेख चाळायचे असतात.

१९३९ च्या मेमध्ये लीस्टरशर नॉर्दम्प्टनला आलं. डेनिस ब्रूक्सने १८७ केल्या, टीमने ८ बाद ५१० वर डाव सोडला आणि पाहुण्यांना १३४ आणि १८३ मध्ये गुंडाळलं. एक डाव आणि १९३ धावांनी विजय. चार वर्षं एकही नाही आणि आला तो असा! (लीस्टरशर त्या वर्षी तळाला राहिलं, हेही टिपून ठेवा. प्रतिस्पर्धी कोण होता हा तुमचा नियंत्रित चल.)

त्या मॅचचा कप्तान रॉबर्ट नेल्सन १९४० च्या ऑक्टोबरमध्ये हवाई हल्ल्यात मारला गेला. ब्रूक्स युद्धानंतरही खेळत राहिला. १९५७ मध्ये त्याच्याच कप्तानीखाली नॉर्दम्प्टनशर चॅम्पियनशिपमध्ये दुसरं आलं. पहिला नंबर अजून यायचाय.