राजाबाई आणि नाथीबाई : दोन विद्यापीठे, दोन तेजी

१/७
मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. मनोऱ्याला नाव एका स्त्रीचे. विद्यापीठाच्या परीक्षा मात्र स्त्रियांना बंद. ते दार १८८३ मध्ये उघडले.

२/७
मनोरा उभा राहिला कापसाच्या पैशावर. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाची निकड भासू लागली. भाव भडकले, शहरात नव्या बँका आणि कंपन्यांचे पेव फुटले. या तेजीचे नायक प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आई राजाबाईंच्या नावे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले.

३/७
एप्रिल १८६५ मध्ये युद्धाचा शेवट जवळ आला आणि कापूस कोसळला. १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा पैसे कोणाकडेच नव्हते. पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. देणगी तेवढी टिकली.

४/७
दार उघडल्यावर डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र स्त्री म्हणून नाकारली गेली. वर्गणीच्या आधारे त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडली १९२२ मध्ये!

५/७
१९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापले. पहिल्या महायुद्धात विलायती कापडाची आयात घटली आणि मुंबईच्या गिरण्यांना बरकत आली. १९२० मध्ये गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली. विद्यापीठाला नाव मिळाले त्यांच्या आईचे : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी.

६/७
येथे शिक्षण मातृभाषेतून होते. त्यामुळे इंग्रजीच्या उंबऱ्यावर अडणाऱ्या मुलींना वाट मिळाली. पण अभ्यासक्रमात गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्राला मानाचे स्थान होते. कर्वे स्वतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत. मुलींसाठी त्यांनी वेगळी वाट आखली. याउलट स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे आगरकरांनी आधीच बजावले होते.

७/७
सातासमुद्रापलीकडच्या दोन युद्धांनी मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्या भरल्या आणि त्यातून दोन विद्यापीठांना बळ मिळाले. दोन्हीकडे नाव आईचे लागले. मुलीने काय शिकावे, हे मात्र दोन्हीकडे प्रथम पुरुषांनीच ठरवले. दार उघडणे आणि निवड हाती देणे या दोन वेगळ्या लढाया होत्या. पहिली १८८३ मध्ये जिंकली गेली; दुसरी त्यानंतर सुरू झाली.