कोळशाला कमाल दर होता, घराला नाही

वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायचा म्हणून ब्रिजवॉटरच्या ड्यूकने कालवा खणायची परवानगी मागितली, तेव्हा ब्रिटिश संसदेने १७५९ च्या कायद्यात त्याच्याकडून एक अट कबूल करून घेतली. पुढची ४० वर्षं हा कोळसा मँचेस्टरमध्ये हंड्रेडवेटला, म्हणजे साधारण ५१ किलोला, ४ पेन्सांहून महाग विकायचा नाही. आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताचं पाणी डोळ्यांपुढे येतं. इंग्लंडचा कालवा हा वाहतुकीचा रस्ता होता, आणि तो ज्याच्या मालकीचा त्याच्या हाती सगळ्या गावाची चूल. १७६१ मध्ये जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने बांधलेला हा कालवा सुरू झाला, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कालव्यांचं पेवच फुटलं. प्रत्येक कालव्यासाठी वेगळा कायदा झाला आणि त्यात कुठल्या मालाला टनामागे मैलागणिक जास्तीत जास्त किती टोल घ्यायचा तेही लिहिलं गेलं. मक्तेदारी दिली की दराला वेसण घालायची, हे शहाणपण अठराव्या शतकातल्या जमीनदारांच्या संसदेला होतं. आज त्याच कालव्यांवर हजारो माणसं बोटीत घर करून राहतात, त्यांच्या परवान्याचं शुल्क दर वर्षी चढतं आहे, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. माझं म्हणणं असं की याचं मूळ निव्वळ आजच्या पैशांच्या तंगीत नाही. मालाचा टोल जाऊन घराचा परवाना आला तेव्हा ती जुनी वेसण सुटली, आणि तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

जुना टोल कसा घेत, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. नवी बोट पाण्यात उतरली की तिच्यात थोडी थोडी वजनं चढवून, दर खेपेला ती किती बुडते याचा तक्ता तयार करत. तो तक्ता टोलनाक्यावरच्या कारकुनाकडे असे. माल भरलेली बोट आली की तो मोजपट्टी लावून बोटीची कड पाण्याच्या किती वर आहे ते चार ठिकाणी मोजायचा, सरासरी काढायचा आणि तक्त्यात बघून टनांचा आकडा सांगायचा. पावती व्हायची ती मालाच्या वजनावर आणि अंतरावर. बोटीच्या मागच्या टोकाला खोलीत कोण राहतं, किती जण राहतात, याच्याशी टोलाचा संबंध नव्हता. हे दर कंपनीच्या मर्जीवरही सोडलेले नव्हते. १८८८ च्या रेल्वे आणि कालवा वाहतूक कायद्याने कालवा कंपन्यांना आपल्या कमाल दरांची यादी पुन्हा सरकारपुढे ठेवायला लावली.

त्या मागच्या खोलीत कुटुंब आलं ते मुख्यतः रेल्वेमुळे. १८३०-४० नंतर आगगाडीशी टक्कर देताना कालव्यावरचं भाडं घसरलं, आणि बोटवाल्याला किनाऱ्यावरच्या घराचं भाडं आणि हाताखालच्या गड्याचा पगार दोन्ही परवडेनासं झालं. मग बायकोच सुकाणू धरू लागली, पोरं घोडं हाकू लागली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा हा संसार. सात फूट रुंद, जेमतेम दहा फूट लांब खोली. दाराशी कोळशाची शेगडी, तिच्याशेजारच्या कपाटाचं दार खाली पाडलं की तेच जेवायचं टेबल, आणि रात्री आडवा अंथरायचा, सकाळी दुमडून ठेवायचा पलंग. लीसेस्टरशरमधल्या कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने या लोकांबद्दल रान उठवलं. त्याने त्यांचं चित्र फारच काळं रंगवलं, आणि बोटवाल्यांना त्याचा रागही आला. पण त्याच्या खटपटीतून १८७७ चा कालवा-बोट कायदा झाला. राहती बोट नोंदवायची आणि तपासनीसाला दाखवायची, असं ठरलं. त्याखालच्या नियमांत मोठ्या माणसाला ६० आणि लहान मुलाला ४० घनफूट जागा हवी असं आलं. कायद्यातली एक तरतूद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: नोंदणी करताना बोटीला एक गाव लावून द्यायचं आणि शाळेच्या कामापुरती तिच्यावरची मुलं त्या गावची मानायची. म्हणजे बोट हे घर असू शकतं आणि फिरत्या घरालाही पत्ता देता येतो, हे कायद्याने तेव्हाच मान्य केलं होतं.

पुढचा बदल विसाव्या शतकातला. १ जानेवारी १९४८ ला बहुतेक कालवे सरकारजमा झाले. १९६२ च्या वाहतूक कायद्याने ते ब्रिटिश वॉटरवेज बोर्डाकडे दिले, आणि त्याच्या ४३ व्या कलमाने बोर्डाला योग्य वाटतील ते दर आणि योग्य वाटतील त्या अटी ठरवायची मुभा मिळाली. त्या वेळी यात वावगं काही नव्हतं. बोर्डाची गाठ रेल्वे आणि ट्रकशी होती. व्यापाऱ्याला दर महाग वाटला तर तो माल दुसरीकडून नेणार, तेव्हा स्पर्धाच दर खाली ठेवील, हा हिशेब बरोबर होता. पण १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले, बोटी आठवडेच्या आठवडे बर्फात अडकल्या आणि गेलेला धंदा परत आलाच नाही. वॉरिकशरचा कोळसा लंडनजवळच्या साउथॉलमधल्या मुरंब्याच्या कारखान्याला नेणारी खेप, लांब पल्ल्याच्या नियमित खेपांमधली शेवटची, १९७० मध्ये थांबली. माल संपला, टोल संपला, उरल्या सहलीच्या आणि राहत्या बोटी. त्यांना बोटीच्या लांबीवर वार्षिक परवाना लागू झाला. व्यापाऱ्यासाठी ढिली केलेली दोरी आता घरवाल्याच्या गळ्यात होती, आणि स्पर्धेचा हिशेब तर त्याला लागूच नव्हता. अठ्ठावन्न फुटांची बोट उचलून दुसऱ्या कंपनीच्या कालव्यात सहज नेता येत नाही.

राहणाऱ्यांची बाजू संसदेत एकदा ऐकली गेली, ती १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या वेळी. प्रत्येक बोटीला बांधून ठेवायची कायम जागा असलीच पाहिजे, असा बोर्डाचा मूळ आग्रह होता. समितीपुढे बोटवाल्यांनी आपलं म्हणणं मांडलं आणि कायद्यात सूट आली: कायम जागा नसली तरी चालेल, पण बोट खरोखरच फिरती हवी आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त, किंवा परिस्थितीनुसार वाजवी ठरेल अशा आणखी लांब मुदतीपेक्षा जास्त, थांबता कामा नये. २०१२ मध्ये कालवे ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे गेले, दोन हजार मैलांचं जाळं आणि १९६२ चे अधिकार दोन्ही बरोबर घेऊन. एप्रिल २०२४ पासून ट्रस्टने या फिरत्या बोटींवर नेहमीच्या वाढीखेरीज ५ टक्के अधिभार बसवला. तो टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत २५ टक्के व्हायचा आहे. रुंद बोटींवरचा अधिभार आणखी वेगळा. संसदेने जी सूट समान हक्क म्हणून दिली, तिच्यावर ट्रस्टने किंमत चिकटवली.

यावर ट्रस्टचं उत्तर आहे आणि ते फेटाळण्याजोगं नाही. अडीचशे वर्षांची, बोटी चढवणारी-उतरवणारी लॉकं, बंधारे, जलाशय सांभाळायला पैसा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हेली ब्रिज गावाच्या डोक्यावरच्या टॉडब्रुक धरणाचा सांडवा खचला आणि सुमारे दीड हजार माणसांना घरं सोडावी लागली. तो जलाशय कालव्याला पाणी पुरवण्यासाठीच बांधलेला. त्यात २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं की २०२७ नंतरच्या दहा वर्षांत अनुदान एकूण ४० कोटी १० लाख पौंड मिळेल आणि ते दर वर्षी ५ टक्क्यांनी घटत जाईल. सरकारने हात आखडता घेतला की कुणाकडून तरी भरून काढावं लागणारच. मान्य. पण ट्रस्टच्या उत्पन्नाचा मोठा भाग मालमत्तेची गुंतवणूक आणि अनुदान यांतून येतो. परवान्यांचा वाटा लहान, आणि त्यातही फिरत्या बोटी या एकूण बोटींचा एक भाग. एवढ्याशा गटाला पिळून धरण दुरुस्त होत नाही. शिवाय सांडवा खचल्यावर जी माणसं वाचवायची ती बोटीतली नव्हती, खालच्या गावातली होती. कालव्याचा काठ चालणाऱ्यांचा, सायकलवाल्यांचा, मासे धरणाऱ्यांचाही आहे, आणि पुराचं पाणी वाहून नेण्याचा फायदा सगळ्यांचा. त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून यावा, हे म्हणणं ट्रस्टनेच सरकारपुढे मांडलेलं आहे.

दुसरा आक्षेप शेजाऱ्याचा आहे. कायम जागा घेतलेला बोटवाला परवान्यावर जागेचं भाडंही भरतो, मग फिरता का सुटावा? वरवर हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण जागेच्या भाड्यात ती जागा मिळते, बहुतेक ठिकाणी नळ आणि वीज मिळते, वस्तीची परवानगी असेल तर पत्ता मिळतो. फिरत्याला यातलं काहीच नाही. दर दोन आठवड्यांनी दोर सोडायचे, आणि पोरांची शाळा, दवाखाना, नोकरी त्या हिशेबाने सांभाळायची. घेतलेल्याच गोष्टीचे पैसे द्यायचे म्हटलं तर तो आधीच पूर्ण परवाना भरतो. लंडनची गोष्ट वेगळी, हे कबूल केलं पाहिजे. घरभाडी आकाशाला भिडल्यामुळे तिथे बोटींची इतकी दाटी झाली की काठाला दोन-दोन बोटी एकमेकींना बांधून उभ्या असतात. पण अधिभार लंडनच्या गर्दीवर बसवलेला नाही. लंडनमधल्या हॅक्नीत खेटून उभ्या असलेल्या बोटीला जो दर, तोच लँकेस्टर कालव्यावरच्या एकट्या बोटीला. गर्दीवर इलाज करायचा तर जिथे गर्दी आहे तिथे करावा.

राहिलं ते, ‘हौसेने निवडलं, आता भोगा.’ हौसेने आलेलेही आहेत, त्यात शंका नाही. पण १८४० मधल्या बोटवाल्यानेही असंच ‘निवडलं’ होतं, घरभाडं झेपेना म्हणून. आजही बऱ्याच जणांचं कारण तेच आहे. संसदेने निदान परवान्याच्या वाढीला कमाल मर्यादा घालावी आणि फिरत्या घराच्या पत्त्याची १८७७ ची कल्पना पुन्हा उघडून बघावी. कारण हे शुल्क थकलं की परवाना जातो, आणि १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे विनापरवाना बोट किमान २८ दिवसांची नोटीस देऊन कालव्यातून हलवता येते. बोटीत कुणी राहत असेल तर ट्रस्ट आधी न्यायालयात जातो. पण निकाल विरुद्ध लागला तर क्रेनने उचलली जाते ती बोट, आणि तिच्याबरोबर राहणाऱ्याचं घर.